सोनपंखाचा शेला

१

शाळेच्या दुसरीच्या वर्गातली खुंटी रिकामी होती.

दिग्दर्शक मोकाशींनी खुंटीकडे पाहिलं, खुंटीखालच्या फरशीकडे पाहिलं, मग परत खुंटीकडे पाहिलं. जणू मधल्या वेळात तो शेला लाजून परत येऊन बसला असता.

"शेला कुठाय?"

एवढ्या मोठ्या आवाजात विचारल्यावर कोण बोलणार?

१९७४ सालच्या चैत्रातली ही गोष्ट. धामणी रोड हे हिंगोली लाईनवरचं एवढंसं स्टेशन. इंजिनाला पाणी द्यायची दगडी चौथऱ्यावरची उंच टाकी, समोर चार खोल्यांची शाळा, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. अशा ठिकाणी मुंबईची सिनेमा कंपनी येऊन पडली होती, ती हिंगोलीच्या एका ड्रॉइंग मास्तरमुळे.

हरिचंद मास्तर फावल्या वेळात चित्रकथा काढायचे. सोळा पानं, काळा आणि पिवळा असे दोनच रंग. त्यांच्या नायकाचं नाव सोनपंख. दिवसभर सालगडी म्हणून राबणारा हा गडी अडल्यानडल्याची हाक ऐकली की खांद्यावर पिवळा शेला घ्यायचा आणि उडायचा. नरसीच्या जत्रेत आणि जवळा बाजारच्या आठवडी बाजारात पोरं या चित्रकथेवर तुटून पडत. त्यातलं एक पुस्तक फिरत फिरत मुंबईला मोकाशींच्या हाती लागलं आणि त्यांनी ठरवलं, याचा रंगीत सिनेमा करायचा. चित्रात आहे तसाच. पान अकरावर सोनपंख या टाकीवरून धावत्या गाडीसमोर झेप घेतो, म्हणून कंपनी या टाकीपाशी आली.

आज तीच झेप घ्यायची होती. साडेचारची गाडी, एकच संधी. उद्या सकाळी कंपनीचं सामान परत निघणार होतं.

दवाखान्याच्या नर्स कमलबाई मलमपट्टीची पेटी घेऊन सकाळी आठलाच आल्या होत्या. उडी मारताना कुणाला लागलं तर जवळ कुणीतरी हवं म्हणून त्यांना बोलावलं होतं. चाळिशीची, ठेंगणी, झपाझप चालणारी बाई. वस्तीत भीमजयंतीच्या गाण्यांची तालीम त्यांच्यावाचून अडली होती, त्यामुळे त्यांना लवकर परत जायचं होतं. आल्या आल्या त्यांनी ओसरीतल्या माठावरचं ओलं तरट सरकवून तांब्याभर पाणी प्यायलं होतं आणि सावलीत बसून घेतलं होतं.

आता त्या उठून वर्गाच्या दारात आल्या.

"आठ वाजता मी स्वतः इथे टांगला," मोकाशी म्हणाले. "आता साडेनऊ. दीड तासात सहा हात लांबीचा पिवळाधमक शेला उडून गेला?"

"सोनपंखाचाच हाय," मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघंतिघं हसले. मोकाशींनी वळून पाहिलं तसं हसू विझलं.

"मला माहीत आहे कुणी नेला ते," मोकाशी म्हणाले.

२

त्यांनी बोट केलं ते रूपाबाईकडे.

शेला रूपाबाईनंच केला होता. बाजारातला पिवळा कपडा कॅमेऱ्यात फिका दिसायला लागला, तेव्हा तांड्यावरच्या या बाईनं कुरुंद्याची हळद आणून कापड तीनदा रंगवलं आणि काठाला बारीक आरसे टाचले. उन्हात तो शेला असा पेटायचा की बघणाऱ्यानं डोळ्यांवर हात धरावा.

आणि सुदर्शन नावाच्या मुंबईच्या हिरोला स्टुलावर उभं केलं तरी चक्कर येत असल्यामुळे, त्याच्या जागी टाकीवरून उडी मारणार होता तो रूपाबाईचाच नवरा, धनसिंग.

"सकाळी ही रडत होती," मोकाशी म्हणाले. "नवऱ्याला सोडा म्हणत होती. मी नाही म्हणालो. आता शेला नाही. सरळ आहे. तिचे हात बघा, कोपरापर्यंत पिवळे! या तांड्यावरच्या लोकांना कामाला घेऊ नका, असं मला सांगितलं होतं लोकांनी."

धनसिंग दोन पावलं पुढे आला. रूपाबाईनं त्याचा सदरा मागून धरला.

"साहेब," कमलबाई म्हणाल्या, "हळदीचा शेला करणाऱ्या बाईचे हात पिवळे न्हाई तर काय निळे ऱ्हातील? तुमच्या हिरोची मानबी पिवळी हाय. तुमचे सोताचे तळहात बघा की."

मोकाशींनी नकळत तळहात पाहिले. पिवळे होते.

"एक वाजेपर्यंत शेला मिळाला नाही, तर मी हिंगोलीहून पोलीस बोलावणार. आणि पहिलं नाव तिचं देणार."

"तवर मी बघते," कमलबाई म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्ही नर्स ना?"

"व्हय. कुठं दुखतंय हे माणूस कधीच खरं सांगत न्हाई. ते हुडकायचंच काम करते मी, वीस वर्सं झाली."

एव्हाना कंपनीच्या माणसांनी ट्रंका उलट्या केल्या होत्या. तांड्यावरच्या बाया न सांगता आपापल्या पेट्या बाहेर आणून उघडत होत्या. लाजेनं त्यांच्या माना खाली गेल्या होत्या. वर्ग, गोदाम, स्टेशनची खोली, कडब्याची गंजी, सगळं बघून झालं. पिवळं कापड म्हणाल तर चिंधीसुद्धा नाही. आणि शाळेच्या आवारातून गाठोडं घेऊन कुणी बाहेर गेलेलं नव्हतं. फाटकापाशी बघ्यांची एवढी गर्दी होती की त्यांच्या नजरेतून सुटून कोंबडीही गेली नसती.

म्हणजे शेला आवारातच होता. आणि कुणालाच दिसत नव्हता.

३

रूपाबाई निंबाच्या सावलीत गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

"तू घेतला काय?" कमलबाईंनी सरळ विचारलं.

"घ्यायचा असता तर केला कशाला, नर्सबाई? चार दिस डोळे फोडले त्याच्यापायी."

"मग रडत काहून होतीस?"

रूपाबाईनं वर टाकीकडे बोट केलं. "ते बघा की किती उंच हाय. ह्यांना सांगितलं तर हसून राहिले. म्हणतेत, ताडावर चढतो मी, टाकीचं काय घेऊन बसली. चढायचं येगळं अन् उडी टाकायची येगळी."

धनसिंगला विचारलं तर तो छाती काढून म्हणाला, "मला भ्या वाटत न्हाई. दोर असतोय कमरेला, शेल्याच्या आत. पर माझ्या बायकोला चोर म्हणलं ना बाई, आता उडीबी नको अन् सिनेमाबी नको." मग जरा थांबून, हळूच, "पर उडी मारायची लई हौस होती."

हिरो सुदर्शन स्टेशनच्या बाकावर आरशात बघून केस सारखे करत होता. "गेला ते बरं झालं," तो म्हणाला. "मान खाजते त्या हळदीनं. पण मी कशाला चोरू? त्या शेल्यावाचून मी कोण? नुसता पट्टेरी पायजमा घातलेला माणूस."

हे त्यानं इतक्या मनापासून सांगितलं की कमलबाईंना त्याची दया आली.

"आठ ते साडेनऊ तुमी कुठं होतात?"

"इथेच. दाढी करत होतो. मास्तरांनी मला बघितलंय, ते शाळेच्या मागून हात झटकत आले. विचारा त्यांना."

शाळेच्या मागे काय होतं? कमलबाई वळसा घालून गेल्या. शूटिंगसाठी शाळा पांढरी करून घेतली होती. चुन्याची अर्धी बादली तिथेच पडली होती, वर निवळ पाणी, खाली साका. बादलीच्या कडेला पांढरे ओघळ होते, आणि त्यांतला एक ओघळ पांढरा नव्हता. तांबूस होता.

शेजारी एक ओलं तरट पडलं होतं.

कमलबाईंनी ते उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं. कुठंतरी काहीतरी जुळत होतं. पण काय, ते अजून हाती येत नव्हतं.

४

हरिचंद मास्तर वर्गात चित्रांचं बाड मांडीवर घेऊन बसले होते. पन्नाशीचे, काटकुळे, पांढरा स्वच्छ सदरा. अख्ख्या आवारात या सिनेमाची सगळ्यात जास्त आस कुणाला असेल तर ती त्यांना. त्यांनी शेला चोरावा हे म्हणजे बापानंच मुलाच्या लग्नातून वाजंत्री पळवून लावण्यासारखं.

"मास्तर, तुमचं तर मोठंच नुकसान झालं," कमलबाई म्हणाल्या.

"होईल काहीतरी," मास्तर म्हणाले. "धनसिंग कुठं हाय? वर चढला तर न्हाई ना?"

"शेला न्हाई तर चढंल कशाला?"

"व्हय, तेबी खरंच."

कमलबाईंनी बाड मागून घेतलं. पानं उलटली. वरची सगळी एकाच प्रसंगाची होती, टाकीवरच्या झेपेची. एकात सोनपंख टाकीच्या अर्ध्यातून झेपावतो, दुसऱ्यात चौथऱ्यावरून, तिसऱ्यात तर जमिनीवरून. शाई ताजी होती.

"कालपासून हेच काढून राहिलात?"

"हात गप्प बसत न्हाईत."

तेवढ्यात कुणीतरी लिंबाच्या सरबताचे पेले घेऊन आलं. ऊन वाढलं होतं, हिरोसाहेबांनी फर्माईश केली होती. मास्तरांनी पेला घेतला. कमलबाईंचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीच्या टोकाला लालभडक डाग होता.

"हे काय लागलं?"

"हे? लाल शाई. परीक्षेचे पेपर तपासून राहिलोय ना."

मास्तरांनी बाही घाईनं मागे ओढली. पेला हिंदकळला, सरबत सांडलं, नेमकं बाहीवर.

आणि कमलबाईंच्या डोळ्यांदेखत तो लाल डाग पिवळा झाला.

मास्तरांनी ते पाहिलं नव्हतं. ते पेला सावरत होते. कमलबाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्यांनी बाड हळूच खाली ठेवलं, "उन्हाचं लई तहान लागली बघा," असं म्हणत ओसरीवर आल्या आणि माठासमोर उभ्या राहिल्या.

लाल ओलं कापड घट्ट गुंडाळलेला तो माठ. सकाळपासून शोधून शोधून दमलेली सगळी माणसं येऊन त्यातलंच पाणी पीत होती. मोकाशींनी तर त्यालाच टेकून दोनदा शेल्याच्या नावानं शिव्या दिल्या होत्या.

"साहेब!" कमलबाईंनी हाक मारली. "सगळ्यांना हितं बोलवा. अन् मला दोन लिंबं द्या."

५

ओसरी भरली. मोकाशी घड्याळ बघत उभे होते. रूपाबाई धनसिंगला धरून लांब खांबापाशी. मास्तर सगळ्यात शेवटी आले आणि माठासमोरच्या कमलबाईंना पाहून दारातच थबकले.

"आपण समदे पिवळं कापड हुडकून राहिलो," कमलबाई म्हणाल्या. "म्हणून गावलं न्हाई. कुंकू कशाचं करतेत, सांग बरं रूपाबाई?"

"हळदीचं," रूपाबाई गोंधळून म्हणाली. "हळद अन् चुना..."

बोलता बोलता तिचे डोळे मोठे झाले.

"बराबर. हळदीला चुना लागला की लाल. अन् आंबट लागलं की परत पिवळं. मी आठ वाजता ह्याच माठाचं पाणी पिले, तवा ह्याला तरट होतं. ते तरट आता शाळंच्या मागं पडलंय, चुन्याच्या बादलीपाशी. मग हे लाल कापड आलं कुठून?"

त्यांनी लिंबू चिरलं आणि माठावर पिळलं.

रस जिथून जिथून ओघळला तिथून लालावर पिवळ्या रेघा उमटत गेल्या. बघ्यांमधून एक मोठा 'हाऽऽ' निघाला. कमलबाईंनी गाठ सोडली, कापड उलटं केलं, आणि आत, माठाच्या बाजूला दडवलेले रूपाबाईचे बारीक आरसे एकदम चमकले.

"माझा शेला!" रूपाबाई धावली.

मोकाशींचा जबडा उघडाच राहिला. सुदर्शन आपल्या हातातल्या पेल्यातल्या पाण्याकडे संशयानं बघू लागला.

"पण हे केलं कुणी?" मोकाशींनी विचारलं.

"ज्याच्या बाहीवर सकाळी लाल शाई होती अन् सरबत सांडल्यावर ती पिवळी झाली, त्यानं. लाल शाईला लिंबू लावून बघा, पिवळी व्हते का."

सगळ्यांच्या माना वळल्या. हरिचंद मास्तरांनी बाही पाठीमागे लपवली. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण त्यांनी हात पुढे आणला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"म्याच केलं," ते म्हणाले.

६

"तुम्ही?" मोकाशी म्हणाले. "अहो, तुमचाच सिनेमा हा!"

"दोर जळालाय, साहेब." मास्तर एका दमात बोलू लागले. "परवा रात्रीच्या कामात दिव्याला टेकला होता, आतपर्यंत करपलाय. वरनं काळी पट्टी गुंडाळली म्हणून दिसत न्हाई. काल दोनदा सांगितलं तुमाला. तुमी म्हणालात, मास्तर, तुमी चित्रं काढा, सिनेमा मी काढतो. ती उडी म्या घरी बसून चहा पिता पिता काढली होती. कुंचल्याचे चार फटकारे. आता त्या चार फटकाऱ्यांपायी हा गडी हाडं मोडून घेणार! मला सारखं वाटलं, मीच ढकलून राहिलोय त्याला. शेला न्हाई तर उडी न्हाई. गाडी एकदा निघून गेली की सांगणारच होतो. रूपाबाईच्या आरशांना धक्काबी लावला न्हाई."

कमलबाई पुढे झाल्या.

"ते समदं ठीक, मास्तर. पर रूपाबाईला चोर म्हणलं, समद्या तांड्याला पेट्या उघडाव्या लागल्या, तवा तुमची जीभ कुठं गेली होती?"

मास्तरांनी मान खाली घातली. "घाबरलो," ते म्हणाले. "वाटलं, बोललो तर शेला मिळंल अन् उडी व्हईल. पर चुकलंच. लई मोठी चूक."

ते रूपाबाईसमोर गेले, हात जोडले. रूपाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, हातातल्या डागाळलेल्या शेल्याकडे पाहिलं.

"माझ्या माणसासाठी केलं म्हणून एक डाव सोडते," ती म्हणाली. "पर ह्या शेल्याचा चुना तुमीच काढायचा. तुमच्या हातानं. मी हितं बसून बघणार."

"पण दोराचं काय?" मोकाशी अजून चिडलेलेच होते. "पाच सिनेमे काढलेत मी याच दोरावर. काही झालेलं नाही त्याला."

"मग बघून घेऊ की," कमलबाई म्हणाल्या. "धनसिंगभाऊ, चला काट्यावर."

स्टेशनच्या पार्सलच्या काट्यावर धनसिंगला उभं केलं. बहात्तर किलो भरला. तेवढीच रेती पोत्यात भरली, पोतं दोराला बांधलं, आणि चार जणांनी ते टाकीवर चढवलं. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. मोकाशींनी हाताची घडी घातली.

"सोडा!"

पोतं खाली आलं. दोर ताणला गेला, तट्ट असा आवाज झाला, आणि पोतं दगडी चौथऱ्यावर आदळून फुटलं. रेती फवाऱ्यासारखी उडाली. दोराचं तुटकं टोक वर नुसतंच झुलत राहिलं.

धनसिंग त्या फुटक्या पोत्याकडे बघत राहिला. उडीची हौस त्याच्या चेहऱ्यावरून पार धुऊन गेली. मोकाशी जवळ गेले, दोराचं टोक हातात घेतलं. आतले पीळ कोळशासारखे काळे होते. मग वळले ते थेट रूपाबाईकडे गेले.

"बाई, मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो. सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी. शेल्याचीही आणि या दोराचीही. तुमच्या तांड्यावर येऊनही सांगेन."

"आधी चहा प्यायला या," रूपाबाई म्हणाली. "मग सांगा."

७

अडीच वाजले होते. दोर नव्हता, शेला अर्धा लाल होता, आणि गाडी साडेचारला येणार होती.

कमलबाईंनी मास्तरांचं बाड उचललं आणि मोकाशींच्या हातात दिलं. "हे बघा. मास्तर कालपासून काय काढून राहिलेत."

मोकाशींनी पानं उलटली. जमिनीवरून घेतलेल्या झेपेच्या चित्रापाशी थांबले. मास्तर भीत भीत म्हणाले, "कॅमेरा खड्ड्यात ठेवायचा, साहेब. पार खाली. हातगाड्यावरून उडी मारायची, तीन फूट. खालून बघितलं तर मागं नुसतं आभाळ अन् टाकीचं टोक दिसंल. माणूस टाकीवरूनच आला असं वाटंल. चित्रात म्या असंच फसवतो."

"आणि पान अकरा?"

"पान अकरा खोटं व्हतं, साहेब. हे खरं हाय."

मोकाशी हसले. सकाळपासून पहिल्यांदा. "खणा खड्डा!"

मग जी धांदल उडाली ती त्या स्टेशनानं ना आधी कधी पाहिली होती ना नंतर. लिंबं संपली. तांड्यावरून, गावातून चिंचेचा कोळ येऊ लागला, कुणाच्या गंजात, कुणाच्या घागरीत. मास्तर बाह्या वर करून घमेल्यात शेला बुचकळत होते आणि रूपाबाई शेजारी बसून, "तितं राहिलं. न्हाई, तितं न्हाई, हितं," असं सांगत होती. चार वाजता शेला पुरता पिवळा झाला. मास्तर मात्र कोपरापर्यंत.

तीन फुटांचा हातगाडा बघून हिरो सुदर्शन पुढे आला. "एवढीच उडी असेल तर मीच मारतो," म्हणाला. गाड्यावर चढला, खाली बघितलं, आणि सावकाश उतरला. "नको. हे धनसिंगलाच शोभतं."

साडेचारला इंजिनाची शिटी वाजली. धुराचा लोट वळणावर दिसला. खड्ड्यातून मोकाशी ओरडले, आणि धनसिंगनं कडब्याच्या ढिगाकडे अशी झेप घेतली की शेला त्याच्या पाठीवर पंखासारखा फुटला, आरसे उन्हात लखलखले आणि गाडीच्या खिडक्यांतली माणसं हात बाहेर काढून टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, आपल्याचसाठी चाललंय.

दिवाळीनंतर सिनेमा हिंगोलीला लागला. दुपारच्या खेळाला अख्खा तांडा आला होता. कमलबाईंनी वस्तीतल्या पंचवीस बाया आणल्या होत्या. पडद्यावर मास्तरांचं नाव आलं तेव्हा शिट्ट्या वाजल्या, आणि 'सोनपंखाचा शेला – रूपाबाई, धामणी रोड' अशी पाटी आली तेव्हा ती वाचून दाखवायला कमलबाईंना उभं राहावं लागलं, कारण मागच्यांना धीरच नव्हता.

मग ती झेप आली. खालून घेतलेली, टाकीचं टोक, निळं आभाळ, समोरून येणारं इंजिन आणि वरून, पार वरून, पिवळा शेला उघडून येणारा सोनपंख.

रूपाबाईनं शेजारी फुटाणे खात बसलेल्या धनसिंगचं मनगट इतकं घट्ट धरलं की फुटाणे सांडले.

"अगं, मी हितं हाय," धनसिंग कुजबुजला. "तीन फूट व्हतं ते. तूच तर बघत व्हतीस."

"गप बसा," पडद्यावरची नजर न काढता रूपाबाई म्हणाली. "पडंल ना तो."